गिटारचा आवाज : वाढवण्याची आणि आवरण्याची दोनशे वर्षे

गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमाला पूर्वी पेटी आणि तबला एवढी वाद्ये असली की काम भागत असे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी गिटार येऊन बसली आहे. इंदूरच्या मराठी घरांतील मुलेमुली आता हौसेने गिटार शिकायला जातात. त्यांच्याबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. घरच्यांचे म्हणणे असते की आवाज फार मोठा होतो. शिकवणाऱ्यांचे म्हणणे असते की विद्यार्थ्याची बोटे पडद्यांवर बरोबर पडतात, पण सगळे स्वर एकाच जोराने वाजतात, त्यामुळे गाणे ऐकू येत नाही, नुसते स्वर ऐकू येतात. या दोन्ही तक्रारी नव्या नाहीत. गिटारचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो जवळजवळ सगळा याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. कारागिरांनी या वाद्याचा आवाज पुन्हा पुन्हा मोठा केला, आणि प्रत्येक वेळी वादकांना हळू वाजवण्याची विद्या नव्याने शिकावी लागली.

येथे आवाजाचा चढउतार म्हणजे षड्जावरून पंचमावर जाणे नव्हे. तोच स्वर हळू वाजवणे, मध्यम वाजवणे, ठासून वाजवणे, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. पेटी वाजवणाऱ्याच्या भात्यावरच्या हातात ही किमया असते. सारंगीवाला गजाचा दाब वाढवून लागलेला स्वर फुलवू शकतो. छेडून वाजवायच्या वाद्याला मात्र ही सोय नाही. तार छेडली त्या क्षणी तिचा आवाज सर्वांत मोठा असतो आणि तेथून तो विरतच जातो. म्हणून गिटारवादकाला एक स्वर फुलवता येत नाही. पाच-सहा स्वरांची ओळ हळूहळू चढवत न्यावी लागते, आणि पहिला स्वर छेडण्यापूर्वीच शेवटचा किती मोठा असेल हे मनात ठरलेले असावे लागते. ही अडचण समजली की पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

युरोपात हळू आणि मोठा या भेदाचे महत्त्व किती होते हे एका वाद्याच्या नावातच दिसते. हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्याची पट्टी हळू दाबा की जोरात, आतली तार सारख्याच जोराने छेडली जाई. फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी तिच्यावर लहान हातोडी मारणारी यंत्रणा बसवली. आता बोटाचा जोर तारेपर्यंत पोहोचू लागला. इटालियन भाषेत पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे जोरात. त्यावरून या वाद्याला जे लांबलचक नाव मिळाले त्याचा शिल्लक राहिलेला तुकडा म्हणजे आजचा पियानो. गिटारला असा हळूमोठा भेद पहिल्यापासून जमत होता, कारण तिथे बोट थेट तारेवरच असते. तिची उणीव दुसरीच होती. हळू तिला छान जमे, मोठा आवाज मात्र तिच्यात नव्हताच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गिटारला आजच्यासारख्या सहा एकेरी तारा आल्या आणि ती दिवाणखान्यातून सभागृहाकडे पाहू लागली. मौरो जुलियानी हा इटालियन वादक १८०८ साली व्हिएन्नात वाद्यवृंदासह वाजला. अशा रचनांत गिटार वाजत असताना बाकीची वाद्ये अगदी बारीक आवाजात साथ करीत किंवा गप्प राहत, आणि गिटार थांबली की मग मोकळेपणाने वाजत. वाद्याची मर्यादा रचनाकाराने अशी सांभाळून घेतली होती.

त्याच काळात पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश वादक राहत होते. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) नखे वाढवत नसे आणि बोटाच्या मांसल टोकाने तार छेडत असे. त्याचा आवाज गोल, मऊ आणि लहान होता. दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) नखाने छेडत असे. त्याचा आवाज स्वच्छ, चमकदार आणि दूरवर पोहोचणारा होता. दोघांनीही गिटार शिकवण्याची पुस्तके लिहिली आणि दोघांचे मत एकमेकांच्या विरुद्ध होते. असे असूनही त्यांची मैत्री टिकली. सोरने दोन गिटारींसाठी एक रचना केली, तिला ‘दोन मित्र’ असे नाव दिले आणि तिच्यातला एक भाग स्वतःसाठी, दुसरा आग्वादोसाठी लिहिला. घराण्यांच्या वादात वाढलेल्या आपल्या कानांना ही गोष्ट ऐकून बरे वाटावे.

आग्वादोने आणखी एक युक्ती काढली. गिटार मांडीवर आणि छातीशी धरली की शरीर तिच्या कंपनांचा काही भाग शोषून घेते. म्हणून त्याने वाद्य टेकवण्यासाठी एक तिपाई तयार केली. गिटार तिपाईवर, वादक शेजारी, आणि वाद्याला स्पर्श कमीत कमी. तिपाई पुढे फारशी चालली नाही, पण तिच्यामागचा विचार खरा होता. आवाज वाढवण्याचा पहिला मार्ग जोर लावण्याचा नसतो. आहे तो आवाज कुठे वाया जातो आहे ते आधी शोधावे लागते.

यानंतर कारागिराची पाळी आली. स्पेनच्या आल्मेरिया भागातील आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) हा मूळचा सुतारकाम करणारा माणूस. त्याने गिटारचे पोट मोठे केले, वरची लाकडी तबली पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्यांचा आधार दिला. आवाज मुख्यतः या तबलीतून येतो, बाजू आणि पाठ यांचे काम दुय्यम असते, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार बनवली. तिची तबली लाकडाची होती, पण बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची! ही गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आज जगभर ज्या आकाराची शास्त्रीय गिटार वाजवली जाते, तिचा साचा मुख्यतः तोर्रेसचा आहे.

तोर्रेसच्या वाद्याला नाव मिळवून दिले फ्रान्सिस्को तार्रेगाने (१८५२–१९०९). हाताशी पूर्वीपेक्षा दणकट वाद्य आल्यावर त्याने मोठी सभागृहे गाजवायला हवी होती. प्रत्यक्षात तो थोड्या निवडक श्रोत्यांपुढे वाजवण्यात रमत असे, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने नखे कापून टाकून सोरप्रमाणे बोटाच्या टोकाने वाजवायला सुरुवात केली. वाद्याने दिलेली ताकद त्याने वेगळ्या कामी लावली. हळू आवाजातही स्वर भरीव यावा, ही त्याची आस होती.

मोठ्या सभागृहांचे काम पुढच्या पिढीतील आंद्रेस सेगोव्हियाने (१८९३–१९८७) केले. तो नख आणि बोट दोन्हींचा मेळ घालून वाजवी. हजारो श्रोत्यांपुढे वाजवतानाही त्याने ध्वनिवर्धक टाळला. त्याच्या वादनातून विद्यार्थ्यांनी उचललेली मुख्य गोष्ट अशी. गिटारच्या आवाजाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. त्यापलीकडे जोर लावला तर तार पडद्यावर आपटून खडखडते. छत उंच करता येत नसेल तर जमीन खाली न्यावी, म्हणजे हळू आवाज आणखी हळू करावा. मग मध्यम जोराचा स्वरसुद्धा श्रोत्याला मोठा वाटतो. याच्या जोडीला छेडण्याची जागा बदलायची. घोडीजवळ छेडले तर आवाज टणक आणि धारदार येतो, पडद्यांच्या बाजूला सरकले तर मऊ आणि गोड येतो. जोर तोच असला तरी कानाला फरक कळतो.

तारांचीही हकिकत सांगण्यासारखी आहे. तोपर्यंत गिटारच्या वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या, म्हणजे आपल्या सारंगीला असते तशा तातेच्या असत. त्या हवेतील दमटपणाने उतरत आणि मैफलीत तुटत. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना ती मिळेना. या टंचाईतून न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोव्हियाने त्या आपल्याशा केल्या. जोरात छेडले तरी निभावून नेणारी तार वादकाला मिळाली.

याच सुमारास होआकिन रोद्रिगो या अंध रचनाकाराने ‘आरांहुएसचा कॉन्चेर्तो’ लिहिला. तो १९४० साली बार्सिलोनात प्रथम वाजला. एका बाजूला सबंध वाद्यवृंद, दुसऱ्या बाजूला एकटी गिटार. तरीही गिटार बुडत नाही, कारण रोद्रिगोने वाद्यवृंदाला जागा मोकळी ठेवायला लावले आहे. संथ भागात एकेका वाद्याशी तिचा संवाद चालतो. साथ करणाऱ्याने कुठे थांबावे हे ठरवणे, हासुद्धा आवाजाच्या नियोजनाचाच भाग आहे.

अमेरिकेत मात्र वेगळेच चित्र होते. १९२० नंतरच्या नाचगाण्यांच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे. पोलादी तारा आल्या, पोट आणखी मोठे झाले. जॉन डोपेरा याने १९२७ च्या सुमारास पोटात धातूचे पातळ शंकू बसवलेली गिटार बाजारात आणली. तरी भागेना. शेवटी जॉर्ज बोशाँ याच्या कल्पनेतून लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे वापरून पोलादी तारेचे कंपन विजेत रूपांतरित करणारा पिकअप तयार झाला. १९३२ साली विक्रीस आलेल्या या पहिल्या गिटारचे धड गोल आणि मान लांब होती, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. तिची आठवण पुढे पुन्हा येईल.

चार्ली ख्रिश्चन हा ओक्लाहोमा सिटीत वाढलेला तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात विजेची गिटार घेऊन दाखल झाला. तोवर साथीला असलेली गिटार त्याच्या हाती सॅक्सोफोनसारखी एकल वाजू लागली. १९४२ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने त्याचा मृत्यू झाला, पण तेवढ्या काळात त्याने गिटारचे स्थान बदलून टाकले. त्याच वर्षांत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन होता. तो १९३७ साली आला आणि १९८७ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. ही सारी पन्नास वर्षे तो प्रामुख्याने विजेविना गिटार वाजवत राहिला. त्याची गिटार वेगळी ऐकू येत नसे, तालाच्या पोटात ती फक्त जाणवत असे. ख्रिश्चनने पुढे कसे यावे ते दाखवले, ग्रीनने मागे राहून सगळ्यांना कसे धरून ठेवावे ते दाखवले. वाद्यवृंदाला दोन्ही हवे असतात.

विजेमुळे आवाज वाढला, तशी हळू वाजवण्यालाही एक नवी वाट मिळाली. इंडियानापोलिसचा वेस मॉन्टगोमरी दिवसभर नोकरी करून रात्री घरी सराव करी. ॲम्प्लिफायरच्या आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून तो पिक टाकून अंगठ्याने तारा छेडू लागला. त्या अंगठ्यातून जो मऊ, मखमली आवाज निघाला तीच पुढे त्याची ओळख झाली. ब्राझीलमध्ये जुआंव जिल्बेर्तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर बहिणीच्या घरी, न्हाणीघरात बसून तासन् तास सराव करीत असे, कारण तिथे हळू आवाजही चांगला घुमे. १९५८ साली त्याची पहिली गाजलेली रेकॉर्ड निघाली. कानात कुजबुजल्यासारखे गाणे आणि तितकीच नाजूक गिटार. मायक्रोफोन नसता तर असे गाणे पहिल्या रांगेपलीकडे गेले नसते. एकाच शोधाने ओरडणेही सोपे केले आणि कुजबुजणेही.

ओरडण्याची बाजूही पाहायला हवी. लंडनमध्ये जिम मार्शल याच्या दुकानात १९६२ पासून ॲम्प्लिफायर बनू लागले आणि तीनच वर्षांत १०० वॅटपर्यंत पोहोचले. ही ताकद मागणाऱ्यांत ‘द हू’ या गटाचा पीट टाउनशेंड पुढे होता. १९७६ साली लंडनच्या चार्लटन मैदानावर या गटाच्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. डेसिबलचे गणित साधे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. आपल्या देशातील नियमांनुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, यावरून त्या आकड्याची कल्पना यावी. पुढे टाउनशेंडने आपल्या कानांना झालेल्या कायमच्या इजेबद्दल जाहीरपणे सांगितले, आणि अशा विक्रमांना उत्तेजन मिळू नये म्हणून गिनेसने ते सदरच बंद केले. संगीतातला चढउतार ओळखण्यासाठी जो अवयव लागतो तोच या शर्यतीत खर्ची पडला.

आता आपल्याकडे वळू. ‘फ्राइंग पॅन’च्या जातीची आडवी हवाईयन गिटार भारतात आली आणि इथे रुळली. तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डी एके काळी अनेक घरांत होत्या. पडद्यांवर बोट न ठेवता कांडी सरकवायची असल्यामुळे तिच्यावर मींड घेता येते, हे आपल्या वादकांनी ओळखले. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा हे अली अकबर खाँ यांचे शिष्य. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधून त्यांची गिटार घरोघर पोहोचली. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी तिला आणखी तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळवला. मींड लांब घ्यायची तर छेडलेला स्वर टिकायला हवा. विजेने वाढवलेला आवाज येथे दणदणाटासाठी वापरला गेला नाही. विरत जाणाऱ्या स्वराची शेवटची कड ऐकू यावी म्हणून तो वापरला गेला.

हा विचार आपल्या संगीताला परका नव्हता. इंदूर दरबाराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या बंदे अली खाँ यांचे वाद्य बीन, म्हणजे रुद्रवीणा, हे तर हळू आवाजाचेच वाद्य. जवळ बसून, कान देऊन ऐकायचे. विसाव्या शतकात झिया मोहिउद्दीन डागर यांनी बीनचे भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, आणि मिजराब काढून ठेवून बोटाने वाजवायला सुरुवात केली. पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांचे गुरुकुल होते. वाद्य मोठे करायचे आणि स्पर्श मऊ ठेवायचा, हीच जोडी तोर्रेस आणि तार्रेगा यांनी स्पेनमध्ये जमवली होती. आणि इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचे मंद्रात रेंगाळणारे, संथ आलाप मागच्या रांगेपर्यंत पोहोचले त्यात मायक्रोफोनचा हातभार होताच. त्यांनी तो मिळाला म्हणून आवाज चढवला नाही.

या इतिहासातून आजच्या विद्यार्थ्याने घ्यायचे ते थोडे आणि रोज करण्यासारखे आहे. एकच स्वर आठ वेळा छेडावा, पहिला जेमतेम ऐकू येईल इतका हळू आणि आठवा सर्वांत मोठा. मग उलट क्रमाने खाली यावे. लय बदलता कामा नये, कारण नवशिका जोर वाढवताना धावतो आणि कमी करताना रेंगाळतो. नंतर तीच ओळ घोडीजवळ आणि पडद्यांजवळ वाजवून पाहावी. मग एकाच हाताने चाल आणि साथ वाजवताना चालीचा स्वर वर आणि बाकीचे खाली ठेवण्याचा प्रयत्न करावा. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, कारण शेजारशेजारच्या बोटांना वेगवेगळा जोर द्यावा लागतो. विजेची गिटार असेल तर सुरुवातीलाच गिटारवरचा नॉब पूर्ण फिरवू नये. तो थोडा मागे ठेवला तर एकल वाजवताना पुढे यायला जागा राहते, आणि गाणारा गाऊ लागला की तेवढेच मागे सरकता येते.

कार्यक्रमात मागच्या रांगेतून ‘आवाज वाढवा’ अशी हाक आली की मंचावरचा प्रत्येक जण आपापला नॉब फिरवतो. मग गायकाला माइक वाढवावा लागतो, तबल्याला वाढवावा लागतो, आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. त्या वेळी एकाने आपला आवाज कमी केला तर बाकीच्यांचा आपोआप ऐकू येऊ लागतो. यंदा मंडळाच्या मंचावर गाण्याच्या साथीला जी मुले गिटार घेऊन बसतील, त्यांच्यापैकी कोणी अंतऱ्याच्या आधी हात हलका केला आणि गायिकेचा शब्द स्वच्छ उमटला, तर श्रोत्यांनी त्याची दखल अवश्य घ्यावी. ते हलके वाजवणे शिकायला दोनशे वर्षांतल्या थोर वादकांनाही कष्ट पडले आहेत.